पगार आणि फ्रीलान्स एकत्र असताना वर्षाच्या कराचा अंदाज कसा बांधायचा

नोकरी सांभाळून बाहेरची कामं घेणाऱ्यांचं कराचं गणित दरवर्षी एकाच जागी चुकतं. पगारातून कंपनीने टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घ्यायचा कर, कापलेला असतो, क्लायंटनेही बिलातून दहा टक्के कापलेले असतात, त्यामुळे कर भरून झाला असं वाटतं. मग रिटर्न भरायला बसल्यावर चाळीस-पन्नास हजारांची बाकी निघते आणि वर व्याज लागतं.

कारण साधं आहे. कंपनीला फक्त तुमचा पगार दिसतो, क्लायंटला फक्त त्याचं बिल दिसतं. दोन्हींची बेरीज केल्यावर तुम्ही कोणत्या स्लॅबमध्ये जाता, हे वर्षभरात कोणीच बघत नाही. बाहेरच्या कामाच्या उत्पन्नाला वेगळा कर नसतो. ते पगाराच्या डोक्यावर बसतं आणि तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबने त्यावर कर लागतो. ही बेरीज तुम्हालाच करायची आहे आणि मार्च संपायच्या आत करायची आहे.

खालचे दर आणि मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी, म्हणजे कर निर्धारण वर्ष २०२६-२७ साठी आहेत. भारतात राहणारी, साठीच्या आतली व्यक्ती गृहीत धरली आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू होतो आणि कलमांचे क्रमांक बदलतात. २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र १९६१ चाच कायदा लागतो.

सुरुवात करण्यापूर्वी नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरचं काम करायला परवानगी लागते का, हे त्यात लिहिलेलं असतं. सरकारी नोकरीत तर सेवानियमांप्रमाणे आधी परवानगी घ्यावीच लागते. कर नीट भरला म्हणून ही अट सुटत नाही.

टप्पा १ : कागद एका जागी आणा

आकडेमोड अर्ध्या तासाची असते, वेळ खातात ते कागद. एवढं हाताशी ठेवा:

– एप्रिलपासूनच्या सगळ्या पगाराच्या स्लिपा आणि कंपनीच्या पोर्टलवरचा वर्षाच्या कराचा अंदाजी तक्ता
– बाहेरच्या कामाची सगळी बिलं, पैसे न आलेलीसुद्धा
– ज्या खात्यात ते पैसे येतात त्याचं स्टेटमेंट
– आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवरून काढलेले २६एएस आणि एआयएस (तुमच्या नावावर नोंदलेला टीडीएस आणि उत्पन्न दाखवणारे तक्ते)
– कामासाठी केलेल्या खर्चाच्या पावत्या
– बचत खातं, एफडी, लाभांश यांचे आकडे

आता एक साधी शीट करा. रकाने असे: बिलाची तारीख, क्लायंट, बिलाची रक्कम, जीएसटी असल्यास तो, कापलेला टीडीएस, खात्यात आलेली रक्कम, ती आल्याची तारीख. बिलाची रक्कम आणि खात्यात आलेली रक्कम हे दोन वेगळे रकाने हवेतच.

नेहमीची चूक : बिल ८०,००० चं, टीडीएस ८,०००, खात्यात आले ७२,०००. बरेच जण उत्पन्न ७२,००० धरतात आणि नंतर ८,००० चा टीडीएसही मागतात. उत्पन्न ८०,००० आहे. टीडीएस म्हणजे तुमच्या वतीने भरलेला कर, तो उत्पन्नाचाच भाग आहे. एआयएसमध्ये ८०,००० दिसतात, त्यामुळे ही तफावत विभागाला लगेच कळते.

जीएसटी मात्र उत्पन्नात धरायचा नाही. बिलात तो वेगळा दाखवला असेल तर टीडीएसही मूळ रकमेवरच कापला जातो.

टप्पा २ : पगाराचा पूर्ण वर्षाचा आकडा काढा

आतापर्यंत मिळालेला पगार आणि मार्चपर्यंत मिळायचा पगार यांची बेरीज करा. त्यात बोनस, व्हेरिएबल पे, थकबाकी, रजेचे पैसे, जे येणार आहे ते सगळं घ्या. सीटीसीचा आकडा घेऊ नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी धरलेली असते. पगाराच्या स्लिपवरचा ‘ग्रॉस’ आकडा धरा.

त्यातून स्टँडर्ड डिडक्शन वजा करा. नव्या करप्रणालीत ते ७५,००० आहे, जुन्यात ५०,००० (यातली कोणती निवडायची ते टप्पा ५ मध्ये). ही वजावट फक्त पगारातून मिळते, बाहेरच्या कामाच्या उत्पन्नातून नाही.

वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्हीकडचा पगार धरा. नव्या कंपनीला आधीच्या पगाराची माहिती दिली नसेल, तर दोन्हींनी आपापल्या परीने पूर्ण सूट आणि स्टँडर्ड डिडक्शन देऊन कर कमी कापलेला असतो.

इथे थांबून पडताळा : तुम्ही ज्याला पगार म्हणता तो कायद्याने पगार आहे का? २६एएसमध्ये त्या रकमेसमोर कलम १९२ असेल तर पगार. १९४जे असेल तर ती व्यावसायिक फी म्हणून दाखवलेली आहे. तुम्हाला फॉर्म १६ (पगार आणि त्यावरच्या टीडीएसचं कंपनीचं प्रमाणपत्र) मिळणार नाही, स्टँडर्ड डिडक्शनही मिळणार नाही. रुग्णालयांत मानद तत्त्वावर काम करणारे डॉक्टर, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि कंपन्यांमध्ये ‘कन्सल्टंट’ म्हणून पूर्णवेळ बसणारे लोक यांनी हे वर्षाच्या सुरुवातीलाच बघावं. इथे गफलत झाली तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो.

टप्पा ३ : बाहेरच्या कामाची वर्षभराची जमा

जमा तीन भागांत लिहा: पैसे आले ते, बिल दिलं पण पैसे यायचेत ते, आणि मार्चपर्यंत होणारं काम. तिसऱ्या भागात हातात असलेलं काम तेवढंच धरा. ‘बहुतेक मिळेल’ अशा कामावर आज कर भरायची गरज नाही. ते मिळालं की अंदाज बदलायचाच आहे.

परदेशातल्या क्लायंटकडून पैसे येत असतील तर मधल्या कंपनीने आपलं शुल्क कापून उरलेली रक्कम पाठवलेली असते. जमा म्हणून मूळ बिल धरायचं; शुल्क हा खर्च आहे. तिथे भारतातला टीडीएस कापलेला नसतो, त्यामुळे त्यावरचा सगळा कर तुमच्याच खिशातून जायचा आहे.

मार्चमधल्या बिलाचं काय करायचं? हिशेब ठेवायच्या दोन रीती आहेत: पैसे हातात आले की उत्पन्न धरायचं, किंवा बिल दिलं की धरायचं. कोणतीही एक घ्या आणि दरवर्षी तीच पाळा. या वर्षी ही, पुढच्या वर्षी ती, असं चालत नाही. अडचण होते ती टीडीएसची. समजा तुम्ही पैसे आल्यावर उत्पन्न धरता. २५ मार्चला ६०,००० चं बिल दिलं, क्लायंटने आपल्या वहीत ते मार्चमध्येच घेतलं आणि ६,००० टीडीएस त्याच वर्षात भरला. पैसे मात्र तुम्हाला एप्रिलमध्ये मिळाले. अशा वेळी ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी त्या टीडीएसचं श्रेय मिळतं. रिटर्नच्या टीडीएसच्या तक्त्यात तो पुढच्या वर्षी नेण्याची सोय आहे. उत्पन्न पुढच्या वर्षी आणि टीडीएस या वर्षी, असं घेतलं तर नोटीस येते.

टप्पा ४ : जमेतून नफा काढा

कर जमेवर नसतो, नफ्यावर असतो. नफा काढायचा रस्ता चुकीचा निवडला तर पुढे ऑडिटपर्यंत गोष्ट जाते, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

रस्ता क : कलम ४४एडीए. कायद्याने नेमून दिलेल्या व्यवसायांसाठी: वैद्यकीय, कायदा, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखा, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट, माहिती तंत्रज्ञान, कंपनी सेक्रेटरी आणि चित्रपट कलाकार. यातल्या ‘चित्रपट कलाकारां’मध्ये कॅमेरामन, संकलक, गीतकार, पटकथा व संवाद लेखक, वेशभूषाकारही येतात. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत हवी. रोखीतली जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. जमेचा निम्मा भाग नफा धरायचा आणि खर्चाच्या पावत्या दाखवायच्या नाहीत. उरलेल्या पन्नास टक्क्यांत लॅपटॉपचा घसारा (वापराने किंमत उतरते त्याची वजावट), इंटरनेट, प्रवास सगळं आलं. वर आणखी काही वजा होत नाही. खरा नफा निम्म्याहून जास्त असेल तर तो जास्तीचा आकडा दाखवायचा. ‘पन्नास टक्के किंवा त्याहून जास्त’ असंच कलम म्हणतं.

रस्ता ख : कलम ४४एडी. हे धंद्यासाठी आहे, उदाहरणार्थ नोकरी करता करता घरगुती मसाल्यांची किंवा साड्यांची ऑनलाइन विक्री. उलाढाल २ कोटींपर्यंत, रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के नफा धरता येतो. विमा एजंट आणि दलाली किंवा कमिशनवर काम करणाऱ्यांना हे कलम लागू नाही. त्यांनी इथे येऊच नये.

रस्ता ग : खरा खर्च. भाषांतर, मजकूर लेखन, शिकवण्या ही कामं ४४एडीएच्या यादीत नावाने नाहीत. ‘सगळे फ्रीलान्सर निम्मंच दाखवतात’ या ऐकीव माहितीवर जाऊ नका. खर्च पावतीसह लिहा आणि उरलेला नफा दाखवा. इंटरनेट, फोन, घरभाडं, वीज यांचा कामापुरता वाटाच घ्यायचा, आणि तो वाटा कसा ठरवला हे शीटमध्ये एका ओळीत लिहून ठेवायचं. लॅपटॉपची किंमत एकदम खर्च म्हणून टाकता येत नाही. संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर निम्मा. म्हणजे नोव्हेंबरमध्ये ७०,००० चा लॅपटॉप घेतला आणि तो फक्त कामालाच वापरला तर या वर्षी १४,०००. आणखी एक: एका दिवशी एका माणसाला १०,००० हून जास्त रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही.

सावधान : तुम्ही ४४एडीएच्या यादीतले असाल आणि नफा निम्म्याहून कमी दाखवायचा असेल, तर एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेपलीकडे गेल्याबरोबर वह्या ठेवणं आणि सीएकडून ऑडिट करून घेणं बंधनकारक होतं. फक्त व्यवसायावर जगणाऱ्या माणसाचं उत्पन्न कधी या मर्यादेखाली राहू शकतं. तुमचा पगारच ती मर्यादा ओलांडून बसलेला असतो, त्यामुळे तुमच्यासाठी ही सुटका नाही. तीन-चार लाखांच्या जमेसाठी ऑडिटची फी भरायची की निम्मा नफा मान्य करायचा, याचा हिशेब मार्चच्या आधी करा.

सावधान : बाहेरच्या कामात तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही. पहिल्या वर्षी कॅमेरा, संगणक घेऊन तोटा दाखवायचा आणि पगारावरचा टीडीएस परत मागायचा, हा सल्ला चुकीचा आहे. तो तोटा पुढच्या वर्षांच्या धंद्याच्या नफ्यातून वजा करण्यासाठी पुढे नेता येतो, तेही रिटर्न मुदतीत भरलं तरच.

टप्पा ५ : बेरीज करा आणि करप्रणाली नक्की करा

टप्पा २ चा पगार, टप्पा ४ चा नफा आणि व्याज-लाभांश यांची बेरीज म्हणजे तुमचं एकूण उत्पन्न. शेअर किंवा म्युच्युअल फंडाचा भांडवली नफा वेगळा लिहा. त्याचे दर वेगळे आहेत.

नवी करप्रणाली आपोआप लागू असते. नुसता पगार असणारा माणूस दरवर्षी जुनी की नवी हे ठरवू शकतो. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न आलं की ही मोकळीक जाते. जुनी हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. नंतर नव्याकडे परतता येतं, पण एकदाच; त्यानंतर व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत जुनी पुन्हा घेता येत नाही.

नेहमीची चूक : कंपनीला एप्रिलमध्ये ‘जुनी’ सांगितली म्हणजे काम झालं असं समजणं. ती निवड फक्त पगाराच्या टीडीएससाठी असते. फॉर्म १०-आयईए राहिला तर रिटर्नमध्ये नवी प्रणाली लागते आणि ८०सीची (पीएफ, विमा अशा बचतीची) वजावट, गृहकर्जाचं व्याज, घरभाड्याची सूट हे सगळं धरून केलेला अंदाज कोसळतो.

टप्पा ६ : कर काढा

नव्या प्रणालीचे स्लॅब:

४ लाखांपर्यंत – शून्य
४ ते ८ लाख – ५ टक्के
८ ते १२ लाख – १० टक्के
१२ ते १६ लाख – १५ टक्के
१६ ते २० लाख – २० टक्के
२० ते २४ लाख – २५ टक्के
२४ लाखांवर – ३० टक्के

एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर ६०,००० पर्यंतचा रिबेट, म्हणजे करातली सूट, मिळून कर शून्य होतो. शेवटी निघालेल्या करावर ४ टक्के सेस (उपकर).

आता उदाहरण घेऊ. नाशिकला एका कंपनीत नोकरी करणारी संगणक अभियंता धरा. पगार ११,४०,०००. स्टँडर्ड डिडक्शन जाऊन १०,६५,०००. हे बारा लाखांच्या आत, म्हणून कंपनीने एक रुपयाही टीडीएस कापला नाही. संध्याकाळी ती दोन-तीन ठिकाणी सॉफ्टवेअरची कामं करते. वर्षाची जमा ६,००,०००, ४४एडीएप्रमाणे नफा ३,००,०००. यातल्या ४,५०,००० च्या बिलांवर क्लायंटने दहा टक्के म्हणजे ४५,००० टीडीएस कापला आहे. उरलेले दीड लाख परदेशातल्या कामाचे, त्यावर टीडीएस नाही.

ती मनात हिशेब करते: तीन लाखांवर १५ टक्के म्हणजे ४५,०००, टीडीएसही ४५,०००, विषय संपला.

प्रत्यक्षात काय होतं बघा. एकूण उत्पन्न १३,६५,०००. त्यावर ४ ते ८ लाखांचे २०,०००, ८ ते १२ लाखांचे ४०,००० आणि वरच्या १,६५,००० चे २४,७५०. बेरीज ८४,७५०. सेस ३,३९०. एकूण कर ८८,१४०. टीडीएस वजा जाता बाकी ४३,१४०.

बाहेरच्या तीन लाखांनी बारा लाखांची रेषा ओलांडली आणि पगारावर माफ झालेला ४६,५०० चा करही परत आला. तीन लाखांच्या नफ्यावर ८८ हजारांचा कर, म्हणजे जवळजवळ २९ टक्के. साडेदहा-अकरा लाख पगारवाल्यांनी बाहेरचं काम घेताना हा आकडा आधी डोळ्यांसमोर ठेवावा, आणि कामाचा दर सांगतानाही.

बारा लाखांच्या जरासं पुढे गेलात तर थोडा दिलासा आहे. बारा लाखांवर जेवढं जास्त कमावलं त्याहून जास्त कर घेतला जात नाही. एकूण उत्पन्न १२,३०,००० असेल तर स्लॅबप्रमाणे ६४,५०० होतात, पण भरायचे ३०,००० आणि सेस. हा दिलासा साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंतच टिकतो.

टप्पा ७ : टीडीएस वजा करा, पण खात्री करून

काही दर लक्षात ठेवा. व्यावसायिक फी (१९४जे) १० टक्के, तांत्रिक सेवांना २ टक्के. एका क्लायंटकडची वर्षाची फी ५०,००० च्या आत असेल तर कापला जात नाही. कंत्राटी कामावर (१९४सी) व्यक्तीसाठी १ टक्का. कमिशनवर (१९४एच) २ टक्के. म्हणजे त्याच कामाचं बिल कोणत्या सदरात टाकलं यावर तुमचा टीडीएस दहा टक्के की एक टक्का हे ठरतं. कर तेवढाच राहतो, खिशातून भरायची बाकी बदलते.

बिलावर कापलेला टीडीएस २६एएसमध्ये दिसतो का, हे जुळवा. क्लायंटची तिमाही विवरणपत्रं ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर, ३१ जानेवारी आणि ३१ मे या मुदतींनी भरली जातात, त्यामुळे जूनमध्ये एप्रिलचा टीडीएस दिसला नाही तर घाबरू नका. पण सप्टेंबरच्या हप्त्याच्या (टप्पा ८) वेळीही एप्रिल-जूनचा टीडीएस दिसत नसेल तर क्लायंटला लेखी विचारा. बहुतेक वेळा पॅनमधलं एक अक्षर चुकलेलं असतं. क्लायंटचं विवरणपत्र दुरुस्त होईपर्यंत तुमच्या नावावर श्रेय येत नाही.

टीडीएस पुरेल की नाही, याचा एक झटपट अंदाज असा. तुम्ही ४४एडीएमध्ये असाल तर बिलाचा निम्माच भाग करपात्र असतो. २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेस धरून बिलाच्या १०.४ टक्के कर होतो, म्हणून दहा टक्के टीडीएस जवळजवळ पुरतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये १५.६ टक्के होतो, म्हणजे प्रत्येक बिलातले साडेपाच-सहा टक्के बाजूला काढायला हवेत. खरा खर्च दाखवत असाल आणि खर्च कमी असेल तर मात्र ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये बिलाच्या पंचवीस टक्क्यांच्या वर कर जातो. पैसे आले की त्याच दिवशी तेवढे वेगळ्या खात्यात टाका.

टप्पा ८ : हप्ते ठरवा

टीडीएस वजा जाता वर्षाची बाकी १०,००० किंवा जास्त असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपण्याआधीच हप्त्यांनी भरायचा कर, भरावाच लागतो. तारखा आणि तोपर्यंत भरून झालेला एकूण भाग:

१५ जून – १५ टक्के
१५ सप्टेंबर – ४५ टक्के
१५ डिसेंबर – ७५ टक्के
१५ मार्च – १०० टक्के

बाकी ६०,००० असेल तर जूनपर्यंत ९,०००, सप्टेंबरपर्यंत एकूण २७,०००, डिसेंबरपर्यंत ४५,०००, मार्चपर्यंत ६०,०००. हे टक्के चढत्या बेरजेचे आहेत. सप्टेंबरमध्ये नवे ४५ टक्के भरायचे नाहीत.

४४एडी किंवा ४४एडीए घेणाऱ्यांना एकच तारीख: १५ मार्चपर्यंत सगळा कर. वरच्या उदाहरणातल्या अभियंतेला ४३,१४० एकदमच भरायचे आहेत. तिने ते राहू दिले आणि जुलैमध्ये भरले तर मार्चच्या हप्त्याचं एक टक्का व्याज ४३१ आणि एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं १,७२४. महिन्याचा एक दिवस लागला तरी पूर्ण महिना धरतात.

जून आणि सप्टेंबरच्या हप्त्यांत कायदा थोडी सवलत देतो: अनुक्रमे १२ आणि ३६ टक्के भरलेले असतील तर व्याज लागत नाही. व्यवसायाचं उत्पन्न यंदा पहिल्यांदाच सुरू झालं असेल तर आधीच्या हप्त्यांत ते धरलं नाही म्हणून व्याज लागत नाही, पण मग उरलेल्या हप्त्यांत किंवा ३१ मार्चपर्यंत तो कर भरलेला हवा.

हप्ते नको वाटत असतील तर दुसरी वाट आहे. बाहेरचं उत्पन्न कंपनीला कळवून पगारातूनच जास्त टीडीएस कापायला सांगता येतं. बाहेर कापलेला टीडीएस कळवायला फॉर्म १२बीएए आहे. वर्षाची बाकी काढताना टीडीएस पूर्णच वजा होतो, मग तो मे महिन्यात कापलेला असो की मार्चमध्ये. त्यामुळे जानेवारीत जाग आली तरी ही वाट उपयोगी पडते. मात्र हिशेब विभाग मार्चची पगारपत्रकं लवकर बंद करतो, आणि बाहेरचं काम कंपनीला कळतं. दोन्हीचा विचार करून ठरवा.

घरातल्या निवृत्तांसाठी एक सूचना. साठीच्या पुढच्यांना ॲडव्हान्स टॅक्स माफ आहे, पण धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. पेन्शनसोबत शिकवण्या किंवा सल्ल्याची फी असेल तर त्यांनाही हप्ते लागू होतात.

टप्पा ९ : चलन भरा

ई-फायलिंग पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’ उघडा, पॅन आणि मोबाईल द्या, ओटीपी टाका. पुढे दोन ठिकाणी नीट बघून निवडा.

पहिलं, कर निर्धारण वर्ष. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या करासाठी २०२६-२७ निवडायचं. यादीत २०२५-२६ दिसलं की हात तिथेच जातो आणि पैसे मागच्या वर्षात जमा होतात.

दुसरं, भरण्याचा प्रकार. ३१ मार्चपर्यंत ‘ॲडव्हान्स टॅक्स’, म्हणजे कोड १००. वर्ष संपल्यावर, रिटर्नच्या आधी भरायची बाकी ‘सेल्फ असेसमेंट टॅक्स’, म्हणजे कोड ३००.

भरून झाल्यावर चलनाची पावती उतरवून घ्या. त्यावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), चलन क्रमांक आणि तारीख रिटर्नमध्ये लागते. त्याच दिवशी वर्ष आणि प्रकार पुन्हा वाचा. चुकलं असेल तर पोर्टलवर दुरुस्तीची विनंती करता येते, पण तिची मुदत थोड्याच दिवसांची असते. आठवडाभराने चलन २६एएसमध्ये आलं का, तेही बघा.

शेवटच्या दिवसावर ठेवू नका. १५ तारखेला पोर्टल आणि बँका दोन्हींवर गर्दी असते.

टप्पा १० : प्रत्येक हप्त्याआधी अंदाज बदला

जूनचा अंदाज मार्चपर्यंत तसाच ओढत नेणं ही हप्ते वेळेवर भरणाऱ्यांचीही चूक. पगारवाढ, मोठं काम हातात येणं, एखादा क्लायंट सुटणं, मोडलेली एफडी, विकलेले शेअर: यातलं काही झालं की टप्पा २ पासूनचे आकडे बदला. काम कमी झालं असेल तर पुढचा हप्ता कमी भरता येतो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एवढं तपासा. फेब्रुवारीच्या स्लिपेवरचा वर्षाचा टीडीएस तुमच्या शीटशी जुळतो का? वर्षभरातली सगळी बिलं शीटमध्ये आहेत का? एफडीचं व्याज धरलं का? टीडीएस आणि हप्ते मिळून एकूण कराएवढे होतात का? कमी पडत असेल तर १५ मार्चच्या आत भरा. ती तारीख हुकली तरी ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम ॲडव्हान्स टॅक्समध्येच धरली जाते, आणि टीडीएस वजा जाता उरलेल्या बाकीचे ९० टक्के तोवर भरले गेले तर एप्रिलपासूनचं व्याज लागत नाही.

रिटर्न भरताना आयटीआर-१ उघडू नका. व्यवसायाचं उत्पन्न असलं की तो फॉर्म चालत नाही. ४४एडी किंवा ४४एडीए घेतलं असेल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर बहुतेकांना आयटीआर-४ पुरतो. खरा खर्च दाखवला असेल तर आयटीआर-३. बाहेरची फी ‘इतर उत्पन्न’ या रकान्यात टाकून आयटीआर-१ भरणारे बरेच आहेत; १९४जेचा टीडीएस मागताच उत्पन्नाचा प्रकार जुळत नाही आणि रिटर्न सदोष असल्याची नोटीस येऊ शकते.

जीएसटीचा हिशेब वेगळा ठेवा. सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की महाराष्ट्रात नोंदणी लागते. पगार त्या उलाढालीत धरत नाहीत.